वऱ्हाडातलं हिरवं बेट

बेट म्हटलं की समुद्र आठवतो. आपल्या वऱ्हाडातही एक बेट आहे. फक्त त्याच्याभोवती पाणी नाही, कपाशी-तुरीची शेतं आहेत. परतवाड्याहून घाट चढला की सुमारे १,११८ मीटर उंचीवर चिखलदरा लागतो. खाली ऊन पोळत असताना वर गारवा, सागाचं रान आणि चक्क कॉफीची झाडं!

भोवतीचा मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. ११३ वर्षं न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला. तो मेळघाटातही राहतो. हे रान तुटलं तर त्यानं जायचं कुठे? खाली तर सगळी शेतंच.

प्रश्न एकट्या पिंगळ्याचा नाही. इथल्या डोंगरातून निघणारी चंद्रभागा दर्यापूरकडे उतरून पूर्णेला मिळते. म्हणजे वरचं रान विरळ झालं, की झळ आपल्याच शेतापर्यंत येणार.

पावसाळ्यात बाइक काढून चिखलदऱ्याला जाताय? जा ना, बिनधास्त जा! पण घाटात गाडी हळू, स्पीकर बंद, आणि चिप्सची रिकामी पाकिटं दरीत नाही, आपल्याच बॅगेत. एवढं तर जमेल ना, दोस्तांनो?