पुदिन्याच्या थराखालचा हिशेब

अमेरिकेतल्या ज्या राज्यांत गांजा कायदेशीर झाला, तिथल्या स्वयंपाकघरांत गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवा पदार्थ रुळला आहे. खाली काळ्या चॉकलेटचा थर, मध्ये पुदिन्याच्या अर्काचा पांढरा किंवा हिरवट थर, वर पुन्हा चॉकलेट. ताटात ओतायचे, थंड करायचे, वड्या पाडायच्या. दुरंगी बर्फी करणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला या कृतीत नवे काही वाटणार नाही. फरक एवढाच, की चॉकलेट वितळवताना त्यात जे लोणी किंवा खोबरेल पडते ते आधी गांज्याबरोबर मंद आचेवर मुरवलेले असते. गांज्यातला नशेचा घटक पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणून लोणी, म्हणून चॉकलेट. आणि पुदिना कशासाठी? तो कडवट, वाळल्या गवतासारखा वास दडवण्यासाठी. पुदिन्याचे काम तेवढेच, आणि ते तो चोख बजावतो. माझा सगळा आक्षेप या पुदिन्यावर आहे.

गांज्यावर किंवा भांगेवर म्हणून माझा आक्षेप नाही. त्या बाबतीत सोवळे मिरवण्याचा अधिकार आपल्याला तरी नाहीच. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात भांगेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. साखर आणि मसाले घालून तिचा गोड पाक करतात आणि त्याला माजूम म्हणतात, हे त्यात नोंदलेले आहे. गुजरातच्या सुलतान बहादुरशहाची एक गोष्टही ओर्ताने सांगितली आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरून यावेसे वाटले की आपण थोडे माजूम खातो, असे सुलतान म्हणत असे. प्रवासखर्चाची इतकी काटकसर दुसऱ्या कोणत्या राजाने केल्याचे ऐकिवात नाही.

हाच अरबी शब्द पश्चिमेकडे मोरोक्कोत गेला आणि तिथे खजूर-बदामांत मळलेल्या गोळ्याला चिकटला. पॅरिसमध्ये राहणाऱ्या ॲलिस टोक्लस या अमेरिकन बाईंनी १९५४ साली स्वयंपाकाचे पुस्तक लिहिले. ब्रायन गायसिन या चित्रकार मित्राने पाठवलेली अशाच गोळ्याची कृती त्यात होती. लंडनच्या आवृत्तीत ती छापली गेली, अमेरिकन प्रकाशकाने गाळली. गंमत अशी, की त्या कृतीत चॉकलेट औषधालाही नव्हते. अंजीर, खजूर, बदाम, शेंगदाणे, मसाले, लोणी आणि साखर, म्हणजे चक्क आपले माजूम! १९६८ साली बाईंच्या नावावर एक हॉलिवूडपट निघाला, त्यात चॉकलेटचे ब्राउनी आले आणि तेव्हापासून बिचाऱ्या बाईंच्या खात्यावर चॉकलेट कायमचे नावे पडले.

तेव्हा पदार्थ जुना आहे. पण जुन्या पदार्थाला जी राखण होती ती आता राहिलेली नाही. भांग घोटली जायची ती महाशिवरात्रीला, होळीला. ती हिरवी दिसायची, तिला वास यायचा, घोटणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक असायचे, आणि पोरांना त्या पातेल्याजवळ फिरकू दिले जात नसे. तिच्या मोजमापात शास्त्र नव्हते, पण लपवाछपवीही नव्हती. पुदिन्याच्या चॉकलेटला ना तिथी, ना रंग, ना वास. फ्रीजमधल्या डब्यात ते इतर चॉकलेटांच्या शेजारी बसते आणि त्यांच्यासारखेच दिसते.

आता जरा आकडेमोड करू; ती माझी जुनी खोड आहे. अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या गांज्यात नशेच्या घटकाचे प्रमाण वीस टक्के असणे ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे एका ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅम. सात ग्रॅम गांजा लोण्यात मुरवला तर कागदावर चौदाशे मिलिग्रॅम होतात. तापवण्यात, गाळण्यात काही घट येते, बाराशे धरू. त्या ताटाच्या चाळीस वड्या पाडल्या तर वडीमागे तीस मिलिग्रॅम. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१९ रोजी असे खाद्यपदार्थ कायदेशीर झाले, तेव्हा एका संपूर्ण पाकिटात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असे बंधन सरकारने घातले. कोलोरॅडोतही एका मात्रेची मर्यादा दहाच आहे. म्हणजे घरची एक वडी ही तीन माणसांची मात्रा झाली, आणि तीही मिश्रण सगळीकडे सारखे झाले असे गृहीत धरून. घरच्या पातेल्यात ते तसे होत नाही. एका कोपऱ्यातल्या वडीत दहा आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या वडीत साठ, असे सहज होते. ताटाची बेरीज जुळते. वडीचा हिशेब लागत नाही.

त्यात उशिराची भानगड. धूर ओढला तर काही मिनिटांत परिणाम जाणवतो आणि माणूस थांबतो. खाल्लेला गांजा पोटातून यकृतात जातो, तिथे त्याचे अधिक जोमदार रूप तयार होते आणि मग ते मेंदूपर्यंत पोचते. याला अर्धा तास लागतो, कधी दोन तास. बँकेत चेक वटायला दोन-तीन दिवस लागत, त्या काळात अधीर खातेदार शिल्लक न पाहता दुसरा चेक फाडत आणि मग दोन्ही एकदम अंगावर येत. इथेही तेच. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी वडी, तिसरी वडी, आणि मग सगळ्या एकदम. मार्च २०१४ मध्ये, कोलोरॅडोतली दुकाने उघडून तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने डेन्व्हरमध्ये अशा बिस्किटाचा दुकानदाराने सांगितलेला तुकडा खाल्ला, तासाभरात काही वाटले नाही म्हणून उरलेले सगळे खाल्ले. बिस्किटात साडेसहा मात्रा होत्या. पुढच्या काही तासांत भ्रमिष्ट अवस्थेत त्याने चौथ्या मजल्याच्या सज्जातून उडी घेतली आणि तो मेला. ते बिस्किट कारखान्यातले होते, मोजून केलेले होते. घरच्या वडीवर तर आकडाही नसतो.

मुलांचे काय होते? सहा वर्षांखालच्या मुलांनी असे पदार्थ चुकून खाल्ल्याच्या २०१७ साली अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे २०७ नोंदी झाल्या. २०२१ साली ३०५४ झाल्या. बहुतेक मुलांनी ते घरातच खाल्ले. कोलोरॅडो सरकारने २०१६ पासून वेष्टनावरच नव्हे तर प्रत्येक तुकड्यावर धोक्याची खूण उमटवायला लावली आणि २०१७ पासून प्राण्यांच्या, फळांच्या आकारातल्या गोळ्यांना बंदी केली. कारखान्यांनी ते मान्य केले. घरच्या साच्यात अस्वल पाडायला मात्र अडवणारे कोणी नाही.

आणि म्हातारे? हा भाग आपल्या लोकांना जवळचा आहे. नाशिक-पुण्याकडचे आईवडील सहा महिन्यांसाठी टोरांटोला किंवा डेन्व्हरला मुलाकडे जातात. दुपारी घर रिकामे असते. सत्तरी ओलांडलेले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले वडील जेवणानंतर काहीतरी गोड म्हणून फ्रीज उघडतात. छाती धडधडू लागली, घर फिरू लागले, बोलणे अडखळू लागले, तर त्यांना पक्षाघाताशिवाय दुसरे काही सुचेल का? आणि मुलगा डॉक्टरांना खरे काय ते लगेच सांगेल का? कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात पासष्ट वर्षांवरच्या लोकांना गांज्याच्या विषबाधेने इस्पितळात तातडीने आणावे लागण्याचे प्रमाण खाद्यपदार्थांना परवानगी मिळाल्यानंतर पूर्वीच्या सुमारे तिप्पट झाले, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. त्यातले सगळेच काही शौकीन नसणार.

दुसरी बाजूही आहे आणि ती हलकी नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मेरी रॅथबन नावाच्या एक आजीबाई होत्या. एड्सची साथ भरात असताना त्या इस्पितळात सेवेला जात आणि अन्नाची वासना मेलेल्या रुग्णांना स्वतः भाजलेले गांज्याचे ब्राउनी वाटत. त्यांना पोलिसांनी वारंवार पकडले. १९९२ साली त्याच शहराने त्यांच्या नावाने एक दिवस साजरा केला आणि १९९६ साली कॅलिफोर्नियाने औषधी गांज्याला मान्यता दिली. ‘भांगेत तुळस’ ही म्हण या बाईंच्या बाबतीत शब्दशः लागू पडते. मात्र बाईंचे ब्राउनी ज्याच्या हातात पडत त्याला ते काय आहे हे ठाऊक असे.

आता आपला कायदा पाहू, कारण पदार्थ इथे येऊन पोचला आहे. जुलै २०२१ मध्ये अमली पदार्थ विरोधी पथकाने मालाडच्या एका बेकरीत गांज्याचे ब्राउनी पकडले. त्याच महिन्यात माझगावातही तसाच माल सापडला. आपल्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे पानांची भांग राजस्थानात, उत्तर प्रदेशात परवानाधारक दुकानात मिळते. आपल्या राज्यात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा हात तिच्यापर्यंत पोचतो. चरसाच्या बाबतीत शंभर ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि एक किलोपासून व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान शिक्षा दहा वर्षे, आणि जामीन जवळजवळ अशक्य.

प्रश्न असा, की वजन कशाचे करायचे? सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले, शुद्ध अमली पदार्थाचे. २००९ साली केंद्र सरकारने अधिसूचनेत टीप घातली, संपूर्ण मिश्रणाचे. २०२० साली ‘हीरा सिंग’ खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही टीप योग्य ठरवली. गर्दच्या पुडीत भेसळ करून सुटणाऱ्या व्यापाऱ्याला अडवायचे तर हे बरोबरच आहे. पण याच तर्काने दहा ग्रॅम चरस घातलेले सव्वा किलो चॉकलेट हे सव्वा किलो चरस ठरते. २०१४ साली टेक्सासमधल्या राउंड रॉक गावी हेच झाले. एकोणीस वर्षांच्या पोरावर ब्राउनीतल्या साखर-पिठासकट वजन धरून जन्मठेपेपर्यंत जाणारा आरोप लागला. ओरड झाल्यावर तो सौम्य करण्यात आला.

सोनेतारण कर्ज देताना आमच्याकडे मूल्यमापक सोनार दागिना दोनदा मांडी. ठोक वजन वेगळे, आणि खडे, लाख, दोरा वजा जाता निव्वळ वजन वेगळे. दोन्ही नोंदी रजिस्टरात होत, कर्ज मात्र निव्वळ वजनावर. खड्यांना सोने समजून कर्ज दिलेला अधिकारी निलंबित झाला असता. साखरेला चरस समजून दहा वर्षे देणाऱ्या व्यवस्थेनेही खाद्यपदार्थांपुरती तरी ही दोन वजनांची पद्धत घ्यावी. ते करताना सरकारने परवानाधारक भांगेच्या दुकानांकडेही पाहावे. तिथे लस्सीची तीव्रता हलकी, मध्यम, कडक अशा शब्दांत सांगतात. मिलिग्रॅम कोणी विचारत नाही. यासाठी संसदेत विधेयक आणण्याचीही गरज नाही. अल्प आणि व्यापारी प्रमाणांचे तक्ते केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. २००९ ची टीप तशीच आली होती, आणि ‘खाद्यपदार्थ’ अशी एक वेगळी ओळ त्या तक्त्यात तशीच घालता येईल.