घाईचा अहवाल



महावीर जयंतीनिमित्त सांगोल्यात भरलेल्या एका रक्तदान शिबिरात काही वर्षांपूर्वी मी नावनोंदणीस बसलो होतो. एक तरुण मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, रक्त दिले की एचआयव्हीची तपासणी आपोआप होते ना?" दोन आठवड्यांपूर्वीच्या एका प्रसंगाची धास्ती त्याच्या मनात होती. मी त्याला रक्त देऊ दिले नाही.

आपण व्यापारी माणसे. भरलेला धनादेश वटेपर्यंत पूर्वी मधे काही दिवस जात, हे आपण जाणतो. एचआयव्हीचेही तसेच आहे. विषाणू शरीरात शिरला तरी त्याची खूण तपासणीत उमटण्यास अवधी लागतो. डॉक्टर त्यास 'विंडो पीरियड' म्हणतात. या काळात अहवाल निर्दोष येऊ शकतो, परंतु रक्तातून लागण मात्र होऊ शकते. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासली जाते. तरीही अगदी नवी लागण निसटण्याचा धोका उरतो. म्हणून केवळ तपासणी व्हावी या हेतूने रक्तदान करणे ही अजाणता घडणारी हिंसाच होय.

मग करावे काय? संशयित प्रसंगानंतर 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, डॉक्टरांना गाठावे. लागण टाळण्याची औषधे तेव्हाच सुरू करता येतात व ती 28 दिवस घ्यावी लागतात. ती घेतल्यास पुढील तपासण्यांच्या तारखा डॉक्टरच ठरवितात. औषधे घेतली नसल्यास, प्रयोगशाळेतील प्रतिजन-प्रतिपिंड तपासणी 45 दिवसांनंतर भरवशाची ठरते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणाऱ्या रॅपिड तपासणीचा निर्दोष अहवाल मात्र तीन महिने पूर्ण झाल्यावरच अंतिम मानावा. तोवर जोडीदारास जपावे आणि रक्तदान टाळावे.

सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. 1097 या क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो. 2017 च्या कायद्यानुसार तपासणीस संमती आवश्यक असून अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. लागण आढळलीच, तरी नियमित औषधांनी मनुष्य दीर्घकाळ संसार व व्यवसाय करू शकतो.

त्या तरुणाने प्रथम घरी सांगितले नव्हते. वडिलांच्या रागाच्या भीतीने त्याचे 72 तास केव्हाच निघून गेले होते. म्हणून पालकांना एकच विनंती: मुलगा किंवा मुलगी घाबरून काही सांगू लागली, तर आधी तारीख विचारा. जाब नंतरही विचारता येईल.