भोकरदनचे मूळ आणि व्युत्पत्तीची शिस्त

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि भाषेच्या प्राचीनतेचा अभिमान सर्वत्र व्यक्त झाला. औरंगाबादचे २०२३ मध्ये आणि अहमदनगरचे २०२४ मध्ये नामांतर झाल्याने ‘मूळ नाव कोणते’ हा प्रश्नही राजकारणाच्या ऐरणीवर आला. मात्र शब्दाचे मूळ ठरवायचे कशाच्या आधारे, याची चर्चा अभावानेच होते. त्या दृष्टीने जालना जिल्ह्यातील दोन नावे उद्बोधक आहेत.

जालना हे नाव एका धनाढ्य विणकरावरून, म्हणजे ‘जुलाहा’ या शब्दावरून पडले, अशी आख्यायिका आहे. रामायणकाळी गावाचे नाव जनकपूर होते, असेही सांगितले जाते. दोन्ही कथा लोकप्रिय आहेत. पण ‘जुलाहा’चे ‘जालना’ कोणत्या टप्प्यांनी झाले, हे कथा सांगत नाही. ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे.

भोकरदनची गोष्ट निराळी आहे. सांची आणि भरहूत येथील इसवी सनापूर्वीच्या प्राकृत शिलालेखांत ‘भोगवढन’ येथील दात्यांचा उल्लेख आहे. हे भोगवर्धन म्हणजेच भोकरदन, असे अभ्यासक मानतात. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये येथे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन समृद्ध वसाहतीचे अवशेष मिळाले. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडलेल्या इटलीतील पाँपेई नगरात जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी साम्य असलेल्या मूर्तीचा भागही येथे मिळाला.

तरीही भाषाशास्त्राचा प्रश्न उरतोच. ‘वर्धन’मधील ‘र्ध’ मराठीत ‘ढ’ होतो. ‘वाढणे’ त्यातूनच आले. दोन स्वरांमधील ‘ग’ प्राकृतात गळतो. ‘नगर’चे ‘नेर’ तसेच झाले आणि ते संगमनेर, अमळनेर या नावांत टिकले. या नियमांनी भोगवर्धनचे ‘भोवाढण’सारखे रूप व्हायला हवे होते. ‘भोकरदन’ त्या वाटेने आलेले दिसत नाही. ओळखीच्या भोकर या झाडाच्या नावाने उच्चार आपल्याकडे ओढून घेतला असणे शक्य आहे.

‘भोवाढण’ हे नियमांवरून रचलेले रूप आहे. अशा रूपाआधी भाषाशास्त्रज्ञ तारा काढतात. स्लाव भाषांच्या अभ्यासात ही शिस्त पदोपदी दिसते. रशियन ‘म्योद’ आणि चेक ‘मेद’ यांवरून आदिस्लाव भाषेतील ‘*मेदु’ हा शब्द सिद्ध केला गेला. स्लाव लेखन नवव्या शतकात सुरू झाले. त्यापूर्वीची ही भाषा कोणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून तारा अटळ. या शब्दाला मध आणि मधापासूनचे मद्य असे दोन्ही अर्थ आहेत. संस्कृत ‘मधु’लाही ते आहेत, आणि आपला ‘मध’ त्याच कुळातला. येथे नाते नुसत्या साम्यावर नव्हे, तर अनेक शब्दांत सारख्याच आढळणाऱ्या ध्वनिबदलांवर ठरते.

मराठीत या कामाचा पाया आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. राल्फ टर्नर यांच्या १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशात मराठी शब्द आणि तारांकित रूपे शेजारी शेजारी आहेत. त्यानंतर शिलालेख, उत्खनने आणि बोलींची बरीच नवी सामग्री उजेडात आली आहे.

ती सामावून घेणारा आणि सिद्ध काय, अनुमान काय हे स्पष्ट सांगणारा नवा व्युत्पत्तिकोश व स्थलनामकोश ही अभिजात दर्जाची खरी फलश्रुती ठरेल. अन्यथा ज्याचा आवाज मोठा, त्याची व्युत्पत्ती खरी, असा न्याय रूढ होईल. आणि भोगवर्धनसारख्या नगरांचा प्रत्यक्ष सापडलेला इतिहास त्या गदारोळात पुन्हा गाडला जाईल.