फरक एकच, पण इंग्रजीत शब्द चार

ईमेलच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत गेला, तो इथे नीट लिहितो.

मराठीत 'फरक' सगळीकडे चालतो. रेटमध्ये फरक, रंगात फरक, औषधाने फरक पडला. तरी हिशेब जुळला नाही की आपण 'तफावत' म्हणतो, माल कमी भरला की 'तूट'. म्हणजे समज आपल्याकडे आहेच. इंग्रजीत लिहायला बसलो की मात्र सगळीकडे 'डिस्क्रिपन्सी' येतं. वजनदार वाटतं ना! हल्ली मोबाईलमधलं एआयसुद्धा तोच शब्द पुढे करतं.

धरा, भिवंडीहून पनवेलला 50 बॉक्सचं बिल आलं आणि माल उतरला 48. तिथे लिहा 'शॉर्टेज ऑफ 2 बॉक्सेस'. ठरलेला रेट 120 आणि बिलात 125, तर 'डिफरन्स ऑफ रुपीज 5 पर बॉक्स'. रकमेआधी 'ऑफ', आणि कोणत्या दोन रेटमध्ये हे सांगायचं तर 'बिटवीन'. 'देअर इज डिफरंट इन बिल' असं लिहू नका, 'डिफरंट' हे विशेषण आहे. कापडाच्या दोन ताग्यांचा रंग किंचित वेगळा असेल तर ते 'शेड व्हेरिएशन'. 'डिस्क्रिपन्सी' कधी? जे दोन कागद जुळायलाच हवेत, ते जुळत नाहीत तेव्हा. त्या शब्दात कुठेतरी गडबड आहे असा सूर असतो. दहा वर्षांच्या सप्लायरला पाच रुपयांसाठी तो शब्द पाठवला, तर त्याला लागणारच.

जीएसटीत हे जास्त महत्त्वाचं. ऑगस्ट 2023 मध्ये डीआरसी-01सी हा फॉर्म आला. तुम्ही 3बी रिटर्नमध्ये घेतलेलं क्रेडिट 2बी मधल्यापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त असेल, तर सिस्टिम तो पाठवते. त्याच्या नावात शब्द आहे 'डिफरन्स'. अधिकारी कलम 61 खाली रिटर्न तपासून जी नोटीस देतात, ती एएसएमटी-10. तिच्या नावात आहे 'डिस्क्रिपन्सीज'. पहिल्यात दोन आकड्यांची वजाबाकी आहे, दुसऱ्यात अधिकाऱ्याला खटकलेली गोष्ट.

आणि आपण काय करतो? साध्या 01सी च्या उत्तरात 'डिस्क्रिपन्सी इन अवर बुक्स' असं स्वतःच्या हाताने लिहून देतो! अहो, वह्या बरोबर असताना कशाला? मार्चचं बिल मार्चच्या 2बी मध्ये दिसलं, माल एप्रिलमध्ये पोचला, म्हणून क्रेडिट एप्रिलमध्ये घेतलं. वह्यांत काहीच चुकलेलं नाही. उत्तराला मुदत फक्त 7 दिवस असते आणि ते दिलं नाही तर पुढचं जीएसटीआर-1 अडतं. म्हणून सीएंना मसुदा पाठवताना पहिलं वाक्य एवढंच ठेवा: 'द डिफरन्स इज ड्यू टू गुड्स रिसीव्ह्ड इन एप्रिल'. खाली बिल नंबर आणि माल मिळाल्याची तारीख.