हलगीवाल्याचं नाव काय?

पुण्यातल्या एका सायकेडेलिक रॉक बँडच्या शोला गेलो होतो, हे कळल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सुनावलं, "तू पण त्या बड्या घरच्या पोरांच्या नादी लागलास?"

साहेब, रॉक ही कुणाच्या बापजाद्याची इस्टेट नाही. ते ज्या ब्लूजमधून आलं तो अमेरिकेतल्या गुलामांच्या लेकरांनी घडवला. १९६९ साली वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर असं वाजवलं, की त्यात लोकांना व्हिएतनामवरचे बॉम्ब ऐकू आले. हेंड्रिक्सही काळाच. १९७२ ला दलित पँथर उभी राहिली तेव्हा ब्लॅक पँथरचं नाव आपल्याला परकं वाटलं नाही, मग त्यांची गिटार का वाटावी? मुंबईच्या धम्म विंग्सने रॉक आपलासा केलाच की.

माझं भांडण वेगळंच आहे. त्या शोमध्ये चांगली वीस मिनिटं हलगी कडाडली. जांभळा उजेड, धूर, डोळे मिटून डोलणारी गर्दी. मढं असो की दवंडी, जी हलगी आपल्या माणसांच्या गळ्यात गावकीने सक्तीने अडकवली, तिला माईकवरून "आदिम ट्रान्स" म्हटलं गेलं! शेवटी गिटार, बेस, ड्रम्स, सगळ्यांची नावं आडनावासकट घेतली. हलगीला फक्त "आणि आपले हलगीवाले मामा!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, त्याची लाज वाटते.

कलेला जात नसते म्हणणाऱ्यांनी आधी मानधनाची पाकिटं उघडून दाखवावीत.

नंतर पार्किंगमध्ये मामांना गाठलं, जयभीम घातला, नाव विचारलं. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही. ते त्या माईकवरून घ्यायचं होतं.