गेल्या वर्षीचा कटऑफ

सीईटीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरातल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो: ‘92 पर्सेंटाइलला कॉम्प्युटर मिळेल काय?’ उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. शेजारचे काका असतात, मावसभाऊ असतो आणि अलीकडे शुल्क घेऊन पर्यायांची यादी भरून देणारे सल्लागारही असतात. या सर्वांचा आधार एकच, गेल्या वर्षीचा कटऑफ. तो कितपत भरवशाचा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुळात पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि आपल्या सत्रातील किती विद्यार्थी आपल्या बरोबरीस वा मागे राहिले, एवढेच तो आकडा सांगतो. 2025 मध्ये भौतिक, रसायन व गणित या गटाची परीक्षा चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. म्हणजे एका पर्सेंटाइलच्या अंतरात चार हजारांवर विद्यार्थी उभे असतात, आणि ज्या 92 साठी घरी पेढे वाटले जातात, त्याच्या पुढे 32 हजारांहून अधिक. शक्यता अजमावायची ती राज्य गुणवत्ता क्रमांकावरून.

कटऑफ हा अर्थशास्त्राच्या भाषेत बाजार बंद होतानाचा भाव आहे. शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला सुटली, एवढीच त्याची नोंद. जागा वाढल्या, मागणी दुसऱ्या शाखेकडे वळली की तो हलतो. गेल्या हंगामातला तुरीचा भाव पाहून यंदा तूर पेरणाऱ्यांचे काय होते, हे मोंढ्यावर माल आणणाऱ्या मराठवाड्याला नव्याने सांगावयास नको. शिवाय हा भाव दर्जा सांगत नाही, गर्दी सांगते. वाळूज आणि शेंद्रा येथे कारखाने उभे असताना यंत्र वा विद्युत शाखा ‘नाइलाजाची’ ठरावी, हे त्या गर्दीचेच काम.

कटऑफच्या तक्त्यातही एकच रकाना नसतो. प्रवर्गाच्या संकेताअखेरचे एस, एच आणि ओ ही अक्षरे अनुक्रमे राज्यस्तरीय, स्वविद्यापीठाच्या व अन्य विद्यापीठांच्या जागा दाखवितात. आपला नसलेला रकाना वाचून कोणी उगाच हुरळतो, तर कोणी उगाच खचतो.

परंतु खरे नुकसान होते ते भीतीपोटी. ‘वरचे कॉलेज लिहिले तर खालचे हातचे जाईल’ हा समज निराधार आहे. जागावाटप गुणवत्ताक्रमाने होते. विद्यार्थ्याची पाळी आली की त्याचा पहिला पर्याय पाहिला जातो, तेथे जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा. न मिळणारे नाव वर लिहिल्याने खालचे हिरावले जात नाही. उलट, 2025 च्या नियमांनुसार चार फेऱ्यांपैकी पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी व तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा पर्याय मिळाला की तोच प्रवेश अंतिम ठरे आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होई. घाबरून सोपे कॉलेज वर लिहिणारा मुलगा असा आपल्याच हाताने अडकतो.

यात खर्चाचा हिशेबही आला. पुण्याचे वसतिगृह, खानावळ आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क मिळून होणारी चार वर्षांची रक्कम पैठण वा वैजापूरच्या शेतकऱ्यासाठी जमिनीच्या तुकड्याएवढी असते. मग 1960 पासून याच शहरात असलेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील दुसरी शाखा की पुण्याच्या दुय्यम महाविद्यालयातील कॉम्प्युटर, हे केवळ कटऑफ पाहून ठरविता येत नाही. मुलींच्या बाबतीत 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतील कुटुंबांना शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. त्याची कागदपत्रे वेळेवर जमविणे हे सल्लागाराच्या यादीहून मोलाचे.

राज्यघटनेच्या 371 व्या कलमाने मराठवाड्यासाठी तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था अपेक्षिली आहे. सोय म्हणजे केवळ इमारती आणि जागा नव्हेत. कटऑफचे तक्ते शासन विनामूल्य प्रसिद्ध करते आणि ते वाचून दाखविण्याचे पैसे भलतेच घेतात, ही अवस्था बदलणे अवघड नाही. प्रवेशाच्या दिवसांत जिल्ह्यातील प्रत्येक सुविधा केंद्रावर, कागद तपासणाऱ्या लिपिकाशेजारी, हा तक्ता समजावून सांगणारा एक प्राध्यापक बसवावा. त्याला दिवसाला चार तास पुरतील.