१८ रुपयांची वाईट बातमी

‘चहा काय, लोक पिणारच!’ एवढ्या एका वाक्यावर मी आसाममधल्या एका मळेवाल्या कंपनीचे शेअर घेतले. इंजिनिअर असून हिशेब केला नाही.

मागणी पक्की म्हणून नफा पक्का, हा तर्कच पोकळ आहे. मळ्यातला बराचसा चहा लिलावात जातो. तिथे भाव मळेवाला ठरवत नाही. पाकिटावर नाव छापणारी कंपनी बहुधा वेगळीच असते. पाऊस हुकला तरी झुडपं जगवावी लागतात. उरते मजुरी, खर्चातला सर्वांत मोठा आकडा. म्हणजे नफा वाढायचा तर दाबायला सोपी अशी तेवढीच जागा.

ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या मळ्यांवरची रोजची मजुरी २३२वरून २५० रुपये झाली. ते वाचून माझ्या तोंडून निघालं, ‘अरेरे!’ १८ रुपये. आमच्या ऑफिसखाली तेवढ्यात एक कटिंग येतो.

मी शेअर विकले म्हणून कुणा मजुराचं भलं झालं नाही, हे मान्य. पण याला ‘शेतीतली गुंतवणूक’ म्हणणं तरी थांबवा. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचा सभासद निदान स्वतः ऊस लावतो. अर्थात, तो ऊस तोडणारा तिथेही सभासद नसतोच. आपण तर झुडूपही पाहिलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी चहाचा शेअर ‘स्वस्त’ आहे म्हणालं, तर एवढंच विचारा: कुणाच्या जिवावर?